बालवाडीचे दार आणि घराचे अंगण

(बालवाडीच्या नव्या वर्षाच्या आरंभी पाचाड येथे पालकवर्गासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोकणात शाळेचे वर्ष सुरू होते ते ऐन पावसात. रायगडाच्या कड्यांवरून धबधबे कोसळू लागलेले असतात, ओढ्यांना पाणी आलेले असते, शेतात भाताचा तरवा हिरवागार झालेला असतो आणि घरोघर लावणीची तयारी चाललेली असते. अशा धामधुमीत तीन-चार वर्षांचे एक बालक प्रथमच घराचा उंबरठा ओलांडून बालवाडीच्या दाराशी येते. त्याच्या हातात फूल दिले जाते, कपाळाला कुंकुमतिलक लावला जातो, तोंडात साखर घातली जाते. हा सोहळा गोड आहे आणि तो व्हावाच. परंतु तो पंधरा मिनिटांत संपतो. त्यानंतर दाराच्या आत बालक आणि दाराच्या बाहेर आई असे दोघांचे दोन मार्ग होतात. त्या क्षणी त्या दोघांच्याही मनात जे चाललेले असते, त्याचे स्वागत कोणी करावयाचे, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

बालवाडीत प्रवेश बालकाचा होतो असे आपण म्हणतो. वस्तुतः प्रवेश कुटुंबाचा होत असतो. तीन वर्षांच्या मुलाचे सारे जग म्हणजे त्याचे घर. त्याची भाषा, त्याची भूक, त्याची झोप, त्याची भीती ही सर्व घरातून येतात. म्हणून घराला बाहेर ठेवून केवळ मुलाला आत घेणे हे अर्धेच स्वागत होय. पूर्ण स्वागत करावयाचे असेल तर संस्थेने आपले दार उघडे ठेवून थांबणे पुरेसे नाही. तिने चार पावले घराच्या अंगणापर्यंत चालत गेले पाहिजे.

हे सांगण्यासाठी पाचाडइतके समर्पक स्थान क्वचितच असेल. राजमाता जिजाऊसाहेबांचा वाडा आणि त्यांची समाधी ह्याच गावात आहे. दिनांक ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, जिजाऊसाहेबांनी पाचाड येथे देह ठेवला. उतारवयात त्यांना गडावरील थंड वारा व हवा मानवत नसे, म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी गडाच्या पायथ्याशी हा वाडा बांधविला, असे सांगितले जाते. राजधानी गडावर असताना मातेसाठी व्यवस्था गडाखाली केली गेली. वाड्यातील विहिरीला तक्क्याची विहीर म्हणतात. तेथे बसून महाराज पाणी भरावयास येणाऱ्या बायाबापड्यांची विचारपूस करीत, अशी आख्यायिका आहे. मोठी व्यवस्था माणसासाठी वाकते आणि माणसाचे म्हणणे त्याच्या वाटेवर बसून ऐकते, हा ह्या गावाचा वारसा आहे. बालवाडीला ह्याहून वेगळा धडा कोठून घ्यावयाचा?

आता हा विचार शिक्षणाच्या क्षेत्रात कसा आला ते पाहू.

जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल ह्या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले. पुढे मारिया माँटेसरी ह्या इटालियन विदुषीने ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील गरीब कामगारांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. ही पद्धती भारतात रुजविण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत गिजुभाई बधेका हे नाव अग्रभागी आहे. गिजुभाई पेशाने वकील होते. १९२० मध्ये त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मारझोड आणि धाकदपटशा ह्यांना तेथे थारा नव्हता. गुजराती लोकांनी ह्या मिशाळ गृहस्थाला प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, असे नाव दिले. मुलांसाठी त्यांनी जेवढे लिहिले तेवढ्याच कळकळीने पालकांसाठीही लिहिले, कारण घर बदलल्याखेरीज बालमंदिर टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांच्या सहकारी म्हणून भावनगरला आलेल्या ताराबाई मोडक ह्या महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या आद्य प्रवर्तक. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाचा अनुभव असलेल्या ह्या बाई लहान मुलांच्या शाळेत जमिनीवर बसून काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षण पत्रिके’च्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू झाले. काम नावारूपाला आले. शहरातील सुशिक्षित पालक आपली मुले आनंदाने पाठवू लागले.

परंतु ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट सलत राहिली. ज्या माँटेसरीबाईंनी गरिबांच्या वस्तीतून आरंभ केला, त्यांच्या पद्धतीचा लाभ आपल्याकडे साधने व शुल्क परवडणाऱ्या घरांनाच मिळत होता. म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी ह्या समुद्रकाठच्या खेड्यात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या जोडीला पुण्याची शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. बालपणी विवाह, काही महिन्यांतच वैधव्य आणि नंतर जिद्दीने घेतलेले शिक्षण, असा त्यांचा खडतर प्रवास होता. बोर्डीला महागडी लाकडी साधने त्यांनी बाजूस ठेवली. शंख-शिंपले, चिंचोके, बिया, खडे, पाने, बांबूचे तुकडे हीच साधने झाली. खर्चाचा अडसर असा दूर झाला.

तरीही एक अडसर उरला, आणि तो पैशांहून कठीण होता. गावाच्या मध्यभागी बालवाडी सुरू झाली, तिचे दार सर्वांना खुले होते, पण दलित वस्तीतील मुले त्या दाराशी येईनात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या विहिरीवर व देवळाच्या पायरीवर चढू दिले नाही, त्यांनी एका बाईंच्या निमंत्रणावर आपले लेकरू गावच्या मध्यभागी कसे पाठवावे? येथे ताराबाईंनी काय केले, हे प्रत्येक शिक्षणसंस्थेने लक्षात ठेवावे. मुले का येत नाहीत म्हणून त्यांनी पालकांना दोष दिला नाही. मुले बालवाडीकडे येत नसतील तर बालवाडी मुलांकडे जाईल, असे त्यांनी ठरविले. त्या वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरू लागला. आधी आंघोळ, मग केस विंचरणे, नखे काढणे, मग गाणे, गोष्ट, खेळ. आया आपापल्या दारातून सारे पाहत होत्या. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून तिचे नाव पडले ‘अंगणवाडी’.

महाड तालुक्यातील श्रोत्यांना ह्या प्रसंगाचा अर्थ अधिक उलगडून सांगावयास नको. सीताराम केशव बोले ह्यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. तथापि प्रत्यक्षात कोणाही अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवाला तेथे ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सहस्रावधी लोकांसह तळ्यापर्यंत चालत यावे लागले, आणि न्यायालयाचा अंतिम निवाडा मिळण्यास १९३७ साल उजाडले. ठरावाने उघडलेले दार आणि खरोखर उघडलेले दार ह्यांत किती अंतर असते, हे महाडने जगाला दाखविले आहे. ‘प्रवेश सर्वांना खुला’ अशी पाटी लावून जी संस्था निश्चिंत बसते, तिने १९२४ सालापर्यंतचाच प्रवास केला आहे. पुढचा प्रवास पायी करावा लागतो.

१९५७ मध्ये ताराबाई व अनुताई बोर्डीहून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील वारली व अन्य आदिवासी मुलांचा प्रश्न निराळा होता. थोरली मुले धाकट्या भावंडांना सांभाळीत, म्हणून ती शाळेत येत नसत. बाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. काही मुले गुरे राखावयास जात, तर त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरविली गेली. कुटुंबाच्या अडचणीला निमित्त न म्हणता तिच्यावर उपाय शोधणे, ही त्यांची रीत होती. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यांच्यामागे अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, हे काम चालविले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत शासकीय कागदांवर जो शब्द वापरला जातो, तो मराठी मुलुखातील एका अंगणात जन्मला आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र शब्द जसा घेतला तसा त्यातील अर्थही जपावा.

हा अर्थ प्रत्यक्ष वर्षभराच्या व्यवहारात कसा उतरवावयाचा, ह्याविषयी काही गोष्टी पालक, शिक्षिका व विश्वस्त ह्या तिघांसमोर ठेवणे उचित होईल.

पहिली गोष्ट पहिल्या आठवड्याची.

गडावर दूध घालावयास गेलेली हिरकणी आणि सूर्यास्तानंतर बंद झालेला दरवाजा ही लोककथा येथील प्रत्येक घरात सांगितली जाते. घरी तान्हे बाळ आहे, दरवाजा उघडत नाही, आणि ती माता अंधारात कडा उतरून जाते. ह्या कथेत आपण मातेच्या धैर्याचे कौतुक करतो. त्याबरोबर हेही ध्यानात घ्यावे की, आई व बालक ह्यांच्यामध्ये बंद दरवाजा आला म्हणजे काय होते, हे ह्या कथेइतके कोणीच सांगितलेले नाही. पहिल्या दिवशी बालवाडीच्या दाराशी जे रडे ऐकू येते, ते हट्टाचे नसते. तीन वर्षांच्या मुलाला ‘आई बारा वाजता येईल’ ह्या वाक्यातील ‘बारा वाजता’ कळत नाही. त्याला एवढेच कळते की आई दिसत नाही. अशा वेळी आईने मुलाची नजर चुकवून निघून जाणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग पडणारा उपाय होय. दुसऱ्या दिवशी ते मूल आईचा पदर अधिकच घट्ट धरते, कारण क्षणभर नजर हलली की आई नाहीशी होते, हे त्याने आदल्या दिवशी शिकलेले असते.

किंडरगार्टन हा शब्द ज्या देशाने दिला, त्या जर्मनीतील बर्लिन येथे १९८० च्या दशकात एक क्रम तयार झाला आणि तो तेथे पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर थोडा वेळ वर्गात येऊन बसतात आणि त्याच्याबरोबरच परत जातात. चौथ्या दिवशी मुलाला स्पष्ट सांगून थोडा वेळ बाहेर थांबतात. मूल शिक्षिकेजवळ शांत होते असे दिसले तर हा वेळ हळूहळू वाढवितात, न झाल्यास घाई करीत नाहीत. ह्याला खर्च काहीच नाही. दारालगत चार सतरंज्या अंथरल्या की झाले.

ह्यावर कोणी म्हणेल, जून-जुलैत लावणीचे दिवस, आईने शेत सोडून वर्गात कसे बसावे? हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच दिवस व वेळ संस्थेने एकतर्फी ठरवू नये, घराला विचारून ठरवावी. आईला सवड नसेल तर आजी येईल, आजोबा येतील, आत्या येईल. वडीलही येऊ शकतात, आणि त्यांनी यावेच. लावणी करणाऱ्यांना ह्यातील मर्म वेगळे सांगण्याची गरज नाही. तरवा उपटून दुसऱ्या शेतात लावला की पहिले काही दिवस तो पिवळा पडतो, मान टाकतो. त्या दिवसांत जाणता शेतकरी त्याला रोज ओढून मुळे धरली की नाही हे पाहत बसत नाही. पाणी राखतो आणि वाट पाहतो. पुढे रोप आपोआप उभे राहते.

दुसरी गोष्ट भाषेची.

बालवाडीत येणाऱ्या मुलांच्या घरी एकच भाषा नसते. कोणाच्या घरी कोकणातली बोली मराठी, कोणाच्या घरी गुजराती किंवा मारवाडी, कातकरी वाडीवर कातकरी बोली, कोकणी मुसलमान कुटुंबात त्यांची कोकणी. गुजराती घरातल्या मुलाला चोपडी म्हणजे पुस्तक. मराठी दुकानदाराच्या मुलाला चोपडी म्हणजे वडिलांची जमाखर्चाची वही. दोघेही बरोबर आहेत. शिक्षिकेने जर घरच्या शब्दाला ‘असे बोलू नये’ म्हटले, तर मूल त्या शब्दाबरोबर आपले घरही लपवू लागते. उलट तिने तो शब्द आपल्या तोंडी घेतला, तर मुलाला वाटते, ही आपल्यातलीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान वयात घरच्या भाषेतून शिकण्यावर भर दिला आहे.

इंग्रजी यावी ही पालकांची इच्छा स्वाभाविक आहे. व्यापार, नोकरी, उच्च शिक्षण ह्यांसाठी तिची गरज आहे, हे नाकारून चालणार नाही. परंतु ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत ‘मला भीती वाटते’, ‘मला भूक लागली’, ‘हे असे का?’ असे बोलता येत नाही, त्याच्या तोंडी चार इंग्रजी फळांची नावे बसविल्याने विद्येचा पाया भरत नाही. पाया घरच्या भाषेचा असला की वरचे मजले कोणत्याही भाषेचे चढतात.

तिसरी गोष्ट घाईची.

वर्ष सुरू होऊन महिना झाला नाही तोच काही घरांतून विचारणा होऊ लागते की, मूल लिहावयास केव्हा लागणार? शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत अंक येतात, आमच्याला का येत नाहीत? ह्या प्रश्नांमागे प्रेम आहे, काळजी आहे. तथापि तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील हाडे व बोटांचे स्नायू अजून पक्के व्हावयाचे असतात. माती मळणे, मणी ओवणे, रांगोळीचे ठिपके टिपणे, शेंगा सोलणे, कागद फाडून चिकटविणे ह्या खेळांतून बोटांना बळ येते आणि मग पेन्सिल हातात सहज बसते. हे खेळ म्हणजे वेळ दवडणे नसून लेखनाचीच पूर्वतयारी होय. त्याच २०२० च्या धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा एकसंध मानला आणि इयत्ता पहिलीसाठी सहा वर्षांचे वय योग्य मानले. त्याही पूर्वी, १९९३ मध्ये, प्राध्यापक यशपाल ह्यांच्या समितीने बालवर्गाच्या प्रवेशासाठी परीक्षा व मुलाखती घेण्याची प्रथा बंद करावी, अशी शिफारस केली होती.

कापडाच्या व्यवहारातील एक साधा नियम येथे लागू पडतो. कोरे कापड आधी पाण्यातून काढावे, जेवढे आटायचे तेवढे आटू द्यावे आणि मगच त्याला कात्री लावावी. घाईने शिवलेला सदरा पहिल्याच धुण्यात आखूड होतो. शिंपी वाढत्या अंगाच्या मुलासाठी सदरा शिवताना शिवणीच्या आत थोडे जास्त कापड ठेवतो. त्या राखलेल्या कापडाला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. माया न ठेवता अंगाबरोबर शिवलेले वस्त्र एक वर्ष छान दिसते आणि दुसऱ्या वर्षी उसवते. बालवाडीचे वर्षही माया ठेवूनच शिवावयास हवे. ज्या मुलाला पाच वर्षांचा असताना पाच अक्षरे कमी आली, तो पंधराव्या वर्षी मागे राहतो असे नाही. परंतु ज्याला पाचव्या वर्षी शाळेची धास्ती बसली, त्याच्या मनातून ती काढणे फार अवघड जाते.

चौथी गोष्ट, आज येथे न आलेल्यांची.

सभागृहात जे बसले आहेत त्यांचे स्वागत करणे सोपे असते. ह्या डोंगराळ भागात धनगरवाडे आहेत, आदिवासी वाड्या आहेत. मध्ये ओढा आला की चार महिने लहान मुलाची वाट बंद होते. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर परजिल्ह्यांत जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. त्यांचे मूल जूनमध्ये बालवाडीत रुळते न रुळते तोच दिवाळीनंतर पटावरून त्याचे नाव गळते. त्याला ‘गैरहजर’ म्हणणे सोपे आहे. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद ह्या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवरच ‘भोंगाशाळा’ चालविल्या. भट्टीवरील मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. बोर्डीच्या अंगणाचाच तो पुढचा अवतार होता.

पाचाडच्या परिसरातही हे करता येण्याजोगे आहे. पटावर नाव नसलेल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांची वाडीनिहाय यादी करावी. आठवड्यातील एक दिवस शिक्षिकेने वाडीवर जाऊन तेथील अंगणवाडी सेविकेच्या सोबतीने गोष्ट-गाण्यांचा वर्ग घ्यावा. स्थलांतराला निघालेल्या कुटुंबाबरोबर चित्रांचे एक पुस्तक व खेळाच्या काही वस्तू द्याव्यात आणि ते परत येतील तेव्हा मुलाची जागा राखून ठेवलेली असावी. राखलेली जागा पाहून मुलाला जे समजते, ते कोणत्याही स्वागतगीताने समजत नाही.

पाचवी गोष्ट, घराकडून घेण्याची.

स्वागत म्हणजे केवळ देणे नव्हे. ज्याच्याकडून आपण काही घेतो त्यालाच आपलेपणा वाटतो. १९४५ हे ज्याप्रमाणे बोर्डीचे वर्ष, त्याचप्रमाणे ते इटलीतील रेज्जिओ एमिलिया ह्या शहराजवळच्या एका खेड्याचेही वर्ष. महायुद्ध संपताच तेथील सामान्य स्त्री-पुरुषांनी शत्रुसैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून, स्वतः विटा वाहून, मुलांसाठी बालशाळा बांधली. त्यातून उभी राहिलेली शिक्षणपद्धती आज जगभर अभ्यासिली जाते. तिच्या मुळाशी पालकांचे हात आहेत. आपल्या येथेही कोणाची आजी ओव्या म्हणते, कोणाचे वडील बांबूच्या टोपल्या विणतात, कोणी शेतातील बी-बियाणे ओळखतो, कोणाच्या दुकानात कापडाच्या रंगीबेरंगी चिंध्या उरतात. दर शनिवारी एका घराने अर्धा तास मुलांसाठी द्यावा. टोपली विणणाऱ्याच्या मुलाला त्या दिवशी आपल्या वडिलांचा जो अभिमान वाटेल, तो त्याच्या आयुष्याला पुरेल.

शेवटी दोन शब्द दात्यांसाठी. आपल्या समाजात दानाची परंपरा जुनी व उज्ज्वल आहे. इमारतीला दान मिळते, कमानीला मिळते, संगमरवरी फरशीला मिळते, कारण तेथे नामफलक लावता येतो. मात्र बालवाडी फरशीवर चालत नाही, ती बाईंवर चालते. अंगणवाडीतील सेविका व मदतनीस ह्यांना आजही वेतन नव्हे, मानधनच मिळते. त्या ग्रॅच्युइटीस पात्र आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने सांगण्यास २०२२ साल यावे लागले. खाजगी बालवाड्यांतील स्थिती पुष्कळ ठिकाणी ह्याहूनही बिकट असते. जी स्त्री दिवसभर वीस-पंचवीस मुलांचे रडे, भूक, शेंबूड आणि प्रश्न सांभाळते, तिच्या वेतनाला, प्रशिक्षणाला आणि वाडीवर जाण्याच्या भाड्याला जे दान दिले जाईल, त्यावर नाव कोरता येणार नाही. ते दान मुलांच्या वागण्यात दिसेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळाने ह्यासाठी स्वतंत्र निधीचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

पालकहो, येत्या वर्षभरात आपले मूल काही नवी गाणी शिकेल, काही जुने कपडे त्याला तोकडे होतील, काही दिवस ते रडेल आणि एके दिवशी मागे वळून न पाहता आत धावत जाईल. त्या दिवशी आईच्या डोळ्यांत पाणी येईल, ते आनंदाचे असेल. तो दिवस प्रत्येक घराला आपापल्या वेळी येवो. त्याची घाई नको आणि शेजाऱ्याशी तुलनाही नको. शिक्षिका भगिनींनी लावणी आटोपताच प्रत्येक बालकाच्या घरी एकदा जाऊन यावे, घरच्यांनी त्यांना ओटीवर बसवून मुलाविषयी मोकळेपणाने सांगावे. एवढ्या एका भेटीने वर्षाचा पाया घातला जाईल.

नव्या वर्षात सर्व बालकांना आरोग्य, आनंद आणि निर्भयता लाभो, आणि येथील प्रत्येक घराच्या अंगणातून बालवाडीच्या दारापर्यंतची वाट पावसातही मोकळी राहो, हीच मनःपूर्वक सदिच्छा.